वारंवार होणारा मुतखडा आणि मानेतील लपलेली ग्रंथी

आमच्या आळंदीत मुतखडा झाला की बोअरच्या पाण्याला दोष द्यायचा, हा रिवाजच आहे. काही वर्षांपूर्वी मीही तेच केले. पंचेचाळिशीच्या एक बाई तिसऱ्यांदा खडा घेऊन आल्या. हाडे ठणकणे, थकवा, बद्धकोष्ठ या तक्रारी होत्याच. वाताच्या गोळ्या आणि 'पाणी भरपूर प्या' एवढ्यावर मी दोन वर्षे घालवली. साध्या पडण्याने मनगट मोडले, तेव्हा कुठे रक्तातील कॅल्शियम तपासले. ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असावे. त्यांचे १२ निघाले.

थायरॉईडच्या मागे सहसा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, प्रत्येकी तांदळाच्या दाण्याएवढी. (गंमत म्हणजे रिचर्ड ओवेन यांनी ही ग्रंथी पाहिली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मेलेल्या भारतीय गेंड्यात; माणसातील ग्रंथींचे वर्णन १८८० साली स्वीडनच्या सँडस्ट्रॉम यांनी केले.) रक्तात कॅल्शियम कमी पडले की त्या हाडांतून काढून आणतात. एखादी ग्रंथी बेलगाम झाली तर हाडे पोखरतात आणि मूत्रपिंडात खडे होतात. ती काढणे हाच खरा इलाज.

पण सापडली तर! अमेरिकेतील चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानावर सहा शस्त्रक्रिया फसल्या. १९३२ साली सातव्या वेळी ग्रंथी मिळाली ती छातीत. तोवर मूत्रपिंडे खराब झाली होती. काही आठवड्यांतच ते गेले.

आज आधी सोनोग्राफी व सेस्टामिबी स्कॅन करतात, गरज पडल्यास खास सीटी स्कॅन. जागा नक्की झाली की दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून तेवढीच ग्रंथी काढतात. छातीत खोल असेल तर बरगड्यांमधील छिद्रांतून, दुर्बिणीने. या ग्रंथीचा स्राव रक्तात काही मिनिटेच टिकतो. म्हणून ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासतात. स्राव निम्म्याहून खाली आला, तर चोर सापडला असे समजावे.

स्कॅनमध्ये काही दिसले नाही म्हणजे आजार नाही, असे मात्र समजू नका. निदान रक्तावरून होते, स्कॅन फक्त पत्ता शोधतो. पत्ता लागला नाही तर सर्जनला चारही ग्रंथी पाहाव्या लागतात. म्हणून 'अशा किती शस्त्रक्रिया केल्यात?' हे विचारायला संकोचू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी विकारांचा स्वतंत्र विभाग आहे.

आमच्या बाईंची ग्रंथी सोनोग्राफीत दिसलीच नाही. स्कॅनमध्ये ती अन्ननलिकेमागे सापडली. शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती वा बोटांत मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना कळवावे. कॅल्शियम एकदम उतरल्याची ती खूण असते. त्यांना तिसऱ्या दिवशी आल्या, कॅल्शियम दिल्यावर थांबल्या.