दोनच माणसांची मोटार

मराठी शिकविणाऱ्या माणसाने मोटारीच्या नादी लागू नये, असे माझे आजवरचे प्रामाणिक मत होते. वर्गात अलंकार शिकवावेत, घरी येऊन उत्तरपत्रिका तपासाव्यात आणि महिन्याच्या अखेरीस स्कूटरच्या टाकीत पेट्रोल किती उरले आहे ते वाकून पाहावे, एवढाच आमचा नि यंत्रविद्येचा संबंध. पण तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कोल्हापुरात, आमच्याच पेठेतल्या एका जुन्या वाड्यात मी एक ताडपत्री उचलली आणि पुढे सव्वा महिना माझी झोप उडाली.

ताडपत्रीखाली होती १९५२ सालची एम. जी. टी. डी. दोनच आसनांची, बिनछपराची मोटार. चारही टायर बसलेले, आसनांतून काथ्या बाहेर आलेला, पुढच्या दिव्यात कोळ्याचे जाळे. पण नाकाचा डौल अजून शाबूत. ही आमच्या पेठेतल्या डॉक्टरांची गाडी. डॉक्टर व्हिजिटला निघाले की गल्लीतली पोरे तिच्यामागे धावत, आणि त्या पोरांत माझे वडीलही असत. गाडी शेवटची चालली १९७४ साली. पुढे डॉक्टर गेले, त्यांचा मुलगाही गेला. आता वाडा पाडून तेथे इमारत व्हायची होती आणि डॉक्टरांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या काकू, एकेक खोली रिकामी करीत होत्या. दुखरा गुडघा धरून त्या तीन पायऱ्या उतरल्या आणि म्हणाल्या, "भंगारवाला पंचवीस हजार म्हणतोय. तू दीड लाख दे आणि घेऊन जा. तुझ्या वडिलांचा जीव होता हिच्यावर."

वाचकहो, दीड लाख माझ्यापाशी होते. ते घराच्या गच्चीची गळती थांबविण्यासाठी आणि मुलीच्या पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी राखून ठेवले होते, एवढाच काय तो दोष.

विद्यार्थ्यांना एम. जी. म्हटले की २०१९ पासून गुजरातेत हलोलला तयार होणाऱ्या आजच्या गाड्या आठवतात. ही त्यांची पणजी. ऑक्सफर्डला विल्यम मॉरिस यांचे 'मॉरिस गॅरेजेस' नावाचे दुकान होते. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० नंतरच्या वर्षांत साध्या मॉरिस गाड्यांवर हलकी, देखणी अंगे चढवून विकायला सुरुवात केली. दुकानाची आद्याक्षरे तेच गाडीचे नाव झाले आणि अष्टकोन हे तिचे चिन्ह. पुढे अबिंग्डनला कारखाना निघाला. किंबर १९४५ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात वारले, त्यामुळे टी. डी. त्यांनी पाहिली नाही. ही गाडी १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत निघाली. २९ हजारांहून अधिक झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. हिंदुस्थानात आल्या त्या थोड्या, आणि लवकरच आयातीची दारेही बंद झाली.

इंजिन १,२५० घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, ५४ अश्वशक्तीचे. आज एखाद्या साध्या कुटुंबवत्सल मोटारीची शक्ती याहून अधिक असते. पण अंग हलके, पुढची काच आडवी पाडता येते आणि रस्ता हाताला लागेल इतक्या खाली माणूस बसतो; त्यामुळे चाळीस मैलांचा वेग सत्तरीसारखा भासतो, असे वाचले होते. वाचूनच मी निम्मा विकत घेतला गेलो होतो.

आता जाणत्या माणसाला दाखविणे आले. उद्यमनगरातले एक वयस्कर मिस्त्री रविवारी बॅटरी आणि एक बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. मला वाटले, ते आधी बॉनेट उघडतील. त्यांनी दार उघडले, खाली बसले आणि दाराच्या बिजागरीपाशी स्क्रूड्रायव्हर टेकविला. तो लोण्यात जावा तसा दोन इंच आत गेला.

"सर, पत्र्याला भुलू नका," मिस्त्री म्हणाले. "ही मोटार न्हवं, ही पेटी हाय लाकडाची. वर पत्रा ठोकलाय निस्ता."

आणि तेच खरे होते. टी. डी.ची चासी पोलादाची. पण तिच्यावरचे अंग अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाच्या चौकटीवर बेतलेले असते. पत्र्याचा गंज डोळ्यांना दिसतो, लाकूड आतल्या आत जाते. आमच्या गाडीत वाळवीने दारांचे खांब आणि खालची तुळई खाल्ली होती. चौकट गेली की दारे लोंबतात, आणि ती नव्याने करायची तर सगळा पत्रा उतरवावा लागतो. सुतार, पत्रेवाला आणि रंगारी या तिघांची कामे एकमेकांत अडकलेली.

इंजिन जाम होते. पण त्यावरच्या अष्टकोनी पितळी चकतीवरचा क्रमांक नोंदणीपुस्तकातल्या क्रमांकाशी जुळला. मिस्त्री म्हणाले, हे निम्मे लग्न जुळल्यासारखे झाले. मग त्यांनी एका बोल्टला पाना लावला आणि हसले. या इंजिनाची एक गंमत आहे. बोल्टांचे आटे मेट्रिक, पण डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची. मॉरिस यांनी १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना घेतला. तेथील यंत्रे फ्रेंच मापांची होती. ती मापे पुढच्या इंजिनांत राहिली आणि डोकी मात्र इंग्रज कामगारांच्या पान्यांना बसतील अशी केली. मला हे ऐकून फार बरे वाटले. 'टेबलावर', 'स्टेशनात' या शब्दांत आपण वेगळे काय केले आहे? शब्द परका, प्रत्यय आपला. त्या दिवशी प्रथमच मला एखाद्या यंत्राचे व्याकरण कळले.

स्वस्तातला मार्गही मिस्त्रींनी सुचविला. "अँबॅसडरचं इंजिन टाकू. म्हैन्यात पळंल." सूचना वेडगळ नव्हती. अँबॅसडरचे १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि टी. डी.नंतरच्या एम. जी. ए. गाडीचे इंजिन एकाच घराण्यातले. पण २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी 'विंटेज' नोंदणी आली. तिची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी. चासी, अंग, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. एवढे करून ती गाडी रोज कॉलेजला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे अँबॅसडरचे इंजिन घातले तर गाडी पळेल, पण टी. डी. उरणार नाही.

सुटे भाग मिळतात. एम. जी. कार क्लब १९३० सालापासून आहे, आणि जगभर या गाड्यांवर जीव टाकणारी माणसे इतकी आहेत की रबरी पट्ट्यांपासून लाकडी चौकटीपर्यंत बहुतेक सारे नव्याने बनते. पण ते परदेशातून आणायचे आणि वर जकात भरायची. मिस्त्रींनी कागदावर आकडे मांडले. बेरीज बारा लाख आणि मुदत दोन वर्षे. "म्हंजी चौदा आणि तीन धरा," त्यांनी जाता जाता दुरुस्ती केली.

घरी सौभाग्यवतींनी कागद वाचला, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, "अहो, गाडी दोन माणसांची आणि आपण चौघं. मागून कोण धावणार?"

येथे प्रकरण संपायला हवे होते. पण मोह हुशार असतो. मी पुण्यातल्या एका जाणकारांना गाडीची छायाचित्रे पाठविली. त्यांचा लगेच फोन आला. क्रमांक जुळतात, चासी सरळ आहे, एकाच घरातली गाडी आहे. आहे त्या स्थितीत सहा लाखांना कोणीही घेईल. स्वतः तेही घेतील.

दीड लाखाला घ्यावी आणि सहाला द्यावी. गच्ची होते, प्रवेश होतो, वर मिठाई उरते. आणि मी कुणाला फसविले? किंमत मी सांगितली नव्हती, काकूंनीच सांगितली होती. एवढा बिनतोड युक्तिवाद मी उभ्या आयुष्यात केला नव्हता. तो मी पत्नीला ऐकविला. ती म्हणाली, "काकूंना हे माहीत आहे?"

"नाही."

तिने पुढे काही विचारले नाही. विचारले असते तर निदान भांडता आले असते.

चार दिवस मी त्या गल्लीने गेलो नाही. दूध आणायलाही लांबच्या वाटेने जात होतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी गेलो आणि उभ्या उभ्याच सारे सांगून टाकले. काकू स्वस्थ ऐकत होत्या. माझी समजूत होती की आता त्या माझ्या सचोटीचे दोन शब्द बोलतील. त्या म्हणाल्या, "फोन कधी आला तुला?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा मी घेतला. त्याची चव अजून आठवते.

गाडी पुण्याच्या गृहस्थांनी नेली, सहा लाखांना. ट्रकवर चढविताना एक दार निखळून खाली पडले. ते मीच उचलून दिले. काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन त्या पैशांत झाले, आणि आमची गच्ची दीड लाखात झाली.

या वर्षी उन्हाळ्यात पुण्याहून बोलावणे आले. काकूंना घेऊन मी गेलो. लाकूड नवे, पत्रा जुना, रंग पूर्वीचाच हिरवा. गृहस्थांनी आपल्या आवारात गाडी सुरू केली. पन्नास वर्षे गप्प राहिलेले इंजिन एकदा खोकले आणि मग बोलायला लागले. गृहस्थांनी शेजारचे दार उघडले. टी. डी.ची दारे मागच्या बाजूला बिजागरी लावलेली, पुढून उघडणारी. त्यामुळे नवा गुडघा आत घेताना काकूंना त्रास झाला नाही. जागा दोघांचीच. त्यांनी पदर घट्ट खोचला आणि मला म्हणाल्या, "तू चल की मागनं."

आवाराला दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत मी चालत होतो. दुसऱ्या फेरीत, खोटे कशाला सांगू, चपला हातात घेऊन धावलो.