हसरा दरबार (लेखांक ९) : मढीचं गाढव आणि राजाची लेक

या आठवड्यात मावशीवर लिहायचं ठरलं होतं. गवळणीतली ती पुरुषानं वठवलेली मावशी, तिचा पदर, तिची लगबग, कृष्णाला तिनं विचारलेले उलटे सवाल, सगळं टिपून ठेवलं होतं. पण शेवगावहून एका वाचकांचं पत्र आलं आणि मावशी पुढच्या आठवड्यावर गेली.

हे वाचक लिहितात, त्यांच्या नातीनं त्यांना ‘गॅलव्हंट’ नावाची इंग्रजी मालिका दाखवली. राजे, किल्ले, तलवारी, जादू आणि मधूनच सगळे गाऊ लागतात. भाषा पुरती कळली नाही, तरी पोट धरून हसलो, म्हणतात. मग त्यांनी विचारलंय, ‘आपल्या जत्रेत रात्ररात्र बघितलेला वग आणि हे, यांत फरक तो काय?’

प्रश्न फार मोलाचा आहे. ती मालिका मीही पाहिली आहे आणि मला ती मनापासून आवडते. अमेरिकेत २०१५ आणि २०१६ साली तिचे दोन हंगाम झाले, भाग अवघे अठरा. गाण्यांचं संगीत ॲलन मेंकन यांचं. परीकथांच्या चित्रपटांना ज्यांनी आयुष्यभर चाली दिल्या तेच हे. पहिल्याच भागात शूर गॅलव्हंट आपल्या प्रेयसीला, मॅडलेनाला, राजाच्या तावडीतून सोडवायला भर लग्नात घुसतो. प्रेमाची ग्वाही देतो. आणि मॅडलेना क्षणभर विचार करून सांगते की तिला कीर्ती आणि संपत्तीच बरी वाटते. दुसऱ्या हंगामात राक्षस आणि बुटके यांचं पिढीजात वैर दाखवलंय. दोन्ही सैन्यं समोरासमोर येतात तेव्हा बघावं तर सगळे एकाच उंचीचे! हे दोन प्रवेश मी कुणालाही, केव्हाही पुन्हा दाखवायला तयार आहे.

त्या प्रवेशांत हसू कुठून येतं? परीकथा कशी असते हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. नायक आला की नायिकेनं धावत यायचं, राक्षस म्हटला की तो ताडमाड असायचा. मालिका नेमकी ती घडी मोडते आणि आपण हसतो.

आपला वग ती घडी मोडत नाही, इथंच मला सगळी गंमत दिसते. शाप खरा, गाढव बोलतं हे खरं, राजाची लेक खरी. फक्त त्या सगळ्याला सामोरा जातो तो एक साधा कुंभार, आणि तो आपल्या गावातल्या माणसासारखाच बोलतो. याचं सर्वात देखणं उदाहरण म्हणजे ‘गाढवाचं लग्न’. आणि या वगाची मुळं शोधायला आपल्या वाचकांना लांब जायला नको, शेवगावहून पाथर्डीकडे निघालं की झालं.

पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे. फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला तिथं मोठी यात्रा भरते. होळीपासून पाडव्यापर्यंत तो सगळा परिसर माणसांनी आणि रेवड्यांच्या ढिगांनी भरलेला असतो. गोपाळ, वैदू, कैकाडी, वडार, घिसाडी, कितीतरी भटक्या जमाती इथं येतात. त्यांची ही पंढरीच. आणि याच यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. माती, वीट, वाळू वाहणारी माणसं दुरून गाढवं घेऊन येतात. गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात बघतं, मग पाय बघतं, पाठीवर हात दाबून ओझ्याच्या जुन्या जखमा चाचपतं, आणि मग किमतीवरून घासाघीस सुरू होते. काठेवाडी जनावर उंचपुरं, त्याला भाव जास्त. गावरान ठेंगणं, पण काटक. दिवसभर या बाजारात हिंडलं तर गाढव हा शब्द शिवीसारखा वापरणं माणसाला जड जाईल, इतक्या आस्थेनं तिथं त्या जनावराबद्दल बोललं जातं. घरचं पोट त्याच्या पाठीवर चालतं.

नाथांच्या दारी गाढवांचा बाजार आणि नाथांच्याच पोथीत गाढवाच्या लग्नाची गोष्ट, हा योग मला आजवर कुणी कौतुकानं सांगितलेला ऐकू आला नाही. नगर जिल्ह्यात नवनाथांची पोथी घरोघर वाचतात. धुंडीसुत मालू कवीनं १८१९ साली पुरा केलेला ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ. त्यात विक्रम राजाच्या जन्माची कथा येते ती अशी. सुरोचन नावाचा गंधर्व इंद्राच्या सभेत अप्सरेशी मर्यादा सोडून वागतो. इंद्र त्याला शाप देतो, मृत्युलोकी गाढव होऊन पडशील. उःशाप असा की मिथिलेच्या सत्यवर्मा राजाची मुलगी बायको व्हावी, तिला विक्रमासारखा मुलगा व्हावा, मग सुटका.

हे गाढव कमठ नावाच्या कुंभाराच्या घरी येतं. आणि एका रात्री माणसाच्या वाणीनं धन्याला म्हणतं, राजाची मुलगी मला बायको करून दे. कुंभाराची पाचावर धारण बसते. हे राजाच्या कानी गेलं तर मान जाईल, म्हणून तो बायकोला घेऊन गावच सोडायला निघतो. राजाची माणसं त्याला अडवून दरबारात आणतात. खरं काय ते कळल्यावर राजा विचार करतो आणि अट घालतो : हे सगळं नगर एका रात्रीत तांब्याचं करून दाखव, मग मुलगी देतो. राजाला वाटतं, प्रश्न मिटला. सकाळी उठून बघतो तर विश्वकर्म्यानं सगळं गाव तांब्याचं करून ठेवलेलं! दिलेला शब्द पाळण्यावाचून राजाला गत्यंतर नाही. माळव्यात हीच गोष्ट गंधर्वसेनाच्या नावानं सांगतात, तीही विक्रमाच्या बापाचीच.

पोथी वाचताना मला नेहमी त्या कमठाचं वाईट वाटतं. मातीची भांडी घडवून जगणाऱ्या माणसाभोवतीचं अख्खं गाव तांब्याचं झालं. आता त्याचं मडकं कोण घेणार? पोथीला हा प्रश्न पडत नाही, कारण पोथीचं सगळं लक्ष गंधर्वाकडे आणि पुढे जन्मणाऱ्या विक्रमाकडे आहे. कुंभार मधल्यामध्ये येतो आणि कथा त्याला मागे टाकून निघून जाते.

तमाशानं नेमका हाच कुंभार उचलला. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मध्ये तो सावळ्या झाला, त्याच्या बायकोला गंगी हे नाव मिळालं, आणि गोष्टीचा सगळा भार या जोडप्यावर आला. इंद्र, शाप, गंधर्व हे सगळं आहे, पण सुरुवातीला उभं राहून बाजूला सरतं. मंचावर उरतो तो फाटका नवरा, तोंडाची तिखट बायको आणि दावणीला बांधलेलं एक बोलकं जनावर.

दादू इंदुरीकरांचा सावळ्या आणि प्रभा शिवणेकरांची गंगी ही या वगाची गाजलेली जोडी. दादू मावळातल्या इंदुरीचे. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे प्रकाश इनामदार आणि जयमाला इनामदार यांनी हाच वग नाट्यगृहांत नेला आणि शहरी प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. २००७ साली मकरंद अनासपुरेंना घेऊन चित्रपट झाला. या सगळ्यांत मला जत्रेतल्या कनातीमधला प्रयोगच सर्वात प्रिय, कारण तिथं सोंगाड्याचं बोलणं लिहून आलेलं नसतं. गोष्टीचे खांब ठरलेले, मधलं छप्पर त्या रात्री शाकारायचं. गंगीचं काम म्हणूनच सोंगाड्याइतकंच कठीण. तो काय बोलेल हे तिला आधी ठाऊक नाही, आणि उत्तर तर तिथल्या तिथं द्यायचंय, ढोलकीचा ठेका न चुकवता.

आता माझा सर्वात आवडता प्रवेश : कुंभार सोयरीक घेऊन दरबारात जातो तो. दरबार म्हणजे काय, तर एक खुर्ची. राजाच्या डोक्याला जरीची टोपी, कमरेला तलवार, बस्स. सावळ्या मंचावर एक गिरकी मारतो, आणि कुंभारवाडा मागे पडून राजवाडा येतो. गिरकी मारता मारता तो झिलकऱ्यांना वाट विचारतो, ते गाण्यातून सांगतात, आणि साऱ्या कनातीला ती वाट दिसते. गॅलव्हंटवाल्यांना किल्ले लागले, डोंगर लागले. इथं एक गिरकी पुरते.

मग सवालजवाब. प्रत्येक फडाचा सोंगाड्या इथं स्वतःची उत्तरं घालतो, म्हणून कुणा एकाची न देता त्या धाटणीचा एक नमुना मीच रचून देतो.

— मुलगा करतो काय?
— माती वाहतो, महाराज. कुणाला ना म्हणत नाही.
— बोलायला कसा आहे?
— मोजकं बोलतो. पण पहाटे तोंड उघडलं की सारं गाव जागं!
— खाण्यापिण्याचे नखरे?
— छे! टाकलं ते खातो. नाही टाकलं तर उकिरड्यावर बघून घेतो.
— आणि रागावला तर?
— तेवढं मागं उभं राहू नये, महाराज.

यात सावळ्या एकही खोटं बोलत नाही. त्यानं गाढवाचे गुण जसेच्या तसे सांगितले. आणि राजाचे प्रश्न? ते तर पाथर्डीत, पारनेरात, अकोल्यात मुलगी बघायला आलेल्यांना कोणताही बाप विचारतो तेच. सिंहासनावरचा राजा लेकीच्या बापासारखा बोलायला लागला की त्याचा मुकुट आपोआप थोडा खाली येतो, आणि कुंभार तेवढाच वर चढतो. दोघं एका पातळीवर येतात आणि कनातीत हशा उसळतो. हसताना कुणी त्या गाढवाला हसत नाही, कुंभारालाही हसत नाही. समोर बसलेल्यांत कुंभार आहेत, वडार आहेत, दिवसा जनावराचे दात बघून आलेली माणसं आहेत. ‘आपल्या माणसानं राजाला बोलण्यात गाठलं’ याचा तो आनंद असतो.

दुसरी एक गोष्ट बारकाईनं पाहावी. गाढव बोललं कसं, हे या वगात कुणी फार वेळ विचारत नाही. एकदा दचकून झालं की पुढची काळजी सुरू. वऱ्हाडात कोण कोण न्यायचं? नवरदेवाला बसवायचं कशावर? अद्भुत गोष्ट मान्य करून टाकायची आणि तिच्या मागून येणारा घरगुती घोर रंगवायचा, ही वगाची खास हातोटी. शेवगावच्या वाचकांना माझं उत्तर हेच आहे. गॅलव्हंटवाले परीकथेची खोडी काढतात. आपण परीकथेवर पुरा विश्वास ठेवतो आणि तिला आपल्या अंगणात आणून बसवतो. म्हणून पोथी सकाळी भक्तिभावानं वाचणारा माणूस रात्री तीच गोष्ट बघून हसू शकतो, आणि त्याच्या भक्तीला जराही धक्का लागत नाही.

मात्र प्रत्येक राजाला असं हसलं जात नाही. संगमनेरकर वाचकांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या गावात फड नांदवलेल्या कांताबाई सातारकरांनी छत्रपतींच्या भूमिका केल्या, आणि त्या उभ्या राहिल्या की कनातीत टाचणी पडली तरी ऐकू यावी. ऐतिहासिक वगातलं सिंहासन पूज्य असतं. त्यांच्याच फडातले त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून नावाजले. एकाच घरात सिंहासनाचा मान आणि सिंहासनाची थट्टा, दोन्ही नांदले. नियम सोपा आहे आणि प्रेक्षक तो उत्तम ओळखतो : ज्या राजाचा इतिहास आपला, त्याला मुजरा, जो राजा गोष्टीतला, ज्याचं राज्य कुठल्याच नकाशावर नाही, त्याला कुंभाराच्या तोंडी द्यायचं. कांताबाई २०२१ साली गेल्या. त्यांच्या त्या भूमिकांवर एक अख्खा लेखांक द्यायचा आहे, तो मावशीनंतर.

एक विनंती. शेवगाव, पाथर्डी, नेवासे या पट्ट्यातल्या जुन्या फडकऱ्यांच्या घरी वगांची हस्तलिखित बाडं अजून असतील. कुणाकडे गाढवाच्या लग्नाचं बाड असेल तर त्यात राजाची अट कोणती लिहिली आहे, तेवढं कळवा. पोथीत तांब्याचं नगर आहे. फडाफडांत ती अट कशी बदलत गेली, हे मला लावून बघायचंय. मावशी पुढच्या आठवड्यात, नक्की.