पान गुंडाळलंय? आधी सुरळी उलगडा

कपाशीत, भेंडीत पानांच्या सुरळ्या दिसल्या की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "कोणतं औषध मारू?" थांबा. औषध आणण्याआधी चार-पाच सुरळ्या हळूच उलगडून बघा.

🐛 *आत अळी असेल तर*
पान रेशमासारख्या धाग्यांनी चिकटवलेलं, आत काळी विष्ठा आणि काळ्या डोक्याची, हिरवट, काचेसारखी अळी. ही पाने गुंडाळणारी अळी. कोषात जाण्याआधी ती गुलाबीसर होते. तिला गुलाबी बोंडअळी समजून घाबरू नका. बोंडअळी फुलात आणि बोंडात सापडते, पानाच्या सुरळीत नाही.

🦋 *तिचा पतंग*
पंख पिवळसर पांढरे, त्यावर तपकिरी नागमोडी रेषा. डोक्यावर आणि पाठीवर काळे ठिपके. पंख पसरले की साधारण ३ सेंमी. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते.

🍃 *धागा नाही, विष्ठा नाही?*
नुसत्या कडा वळून पिवळ्या-लालसर झाल्या असतील तर पानामागे बघा. तिरके चालणारे हिरवे किडे म्हणजे तुडतुडे. तिथे अळीचं औषध मारलं तर पैसे वाया, आणि मित्रकीटक मेले ते वेगळंच.

🌺 *कुठे शोधायची?*
बीटी कपाशीत ही अळी कमी. रेफ्युजीच्या ओळी, देशी कपाशी आणि भेंडी आधी तपासा. दारातली जास्वंद, धुऱ्यावरची अंबाडी आणि पेटारी यांच्यावरही ती वाढते. शेत बघताना बांधही बघा.

✅ *काय करायचं?*
१) सुरळ्या थोड्या असतील तर हातानं तोडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. तोडून बांधावर टाकू नका, अळी परत चढते.
२) मेलेल्या अळीजवळ बारीक पांढरे कोष दिसले तर ती सुरळी राहू द्या. ते आपल्या मित्रकीटकाचे असतात.
३) सुरळ्या वाढत असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी. संध्याकाळी फवारा.
४) भेंडीची तोडणी चालू असेल तर मनानं रासायनिक औषध मारू नका. ती भाजी आपल्याही ताटात येते.

📷 शंका असेल तर *उलगडलेल्या* पानाचा फोटो ग्रुपवर टाका. बंद सुरळीच्या फोटोवरून आम्हालाही काही सांगता येत नाही.

– पीक सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी