गाईच्या पोटातले विरजण

धानोरा तालुका धानाचा. मळणी झाली की घरोघरी तणसाचे ढिगारे लागतात आणि पुढे कित्येक महिने ढोरे त्यावरच राहतात. मी पशुवैद्य. लोक मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, नुसत्या तणसावर ढोर जगते तरी कसे?" खरे म्हणजे, तणस गाय पचवतच नाही. ते पचवतात तिच्या पोटातले जिवाणू.

गाईच्या पोटाला ४ कप्पे. पहिला सर्वांत मोठा. आत ऊब, ओल आणि प्राणवायू जवळजवळ नाही. तिथल्या एका मिलिलिटर रसात १,००० कोटींच्या घरात जिवाणू असतात. ते तणसातले चिवट तंतू फोडतात. त्यातून होणाऱ्या सौम्य आम्लांवर गाईची बहुतेक शक्ती चालते. पुढच्या कप्प्यांत गेलेले जिवाणू स्वतःच पचतात आणि गाईला प्रथिने मिळतात.

आता लग्नसराईतले पाहा. पंगतीत भात उरतो. वाया कशाला घालवायचा, म्हणून टोपलेभर गाईपुढे ओततात. भावना चांगली, पण परिणाम घातक. पिष्टावर जगणारे जिवाणू काही तासांत भराभर वाढतात, लॅक्टिक आम्ल साचते आणि तंतू फोडणारे जिवाणू मरू लागतात. रवंथ थांबते, गाय सुस्तावते, बसते, आणि उपचाराला उशीर झाला तर एक-दोन दिवसांत दगावते. म्हणून रवंथ थांबताच दवाखाना गाठा. उपचारात कधी कधी निरोगी ढोराच्या पोटातला रस आजारी ढोराला पाजतात. दुधाला विरजण लावावे तसेच हे.

आपल्याही मोठ्या आतड्यात असे बिऱ्हाड आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या शरीरातल्या जिवाणूंचा अंदाज ३८ लाख कोटी असा मांडला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांना भारतीयांच्या आतड्यात 'प्रेव्होटेला' गटाचे जिवाणू भरपूर आढळले. याच गटातले जिवाणू गाईच्या पोटातही मोठ्या संख्येने असतात.

म्हणूनच मुलाला साधी हगवण लागली की दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणू नका. बऱ्याचदा हगवण विषाणूंमुळे होते. त्यांना ही गोळी लागू पडत नाही. उपयोगी जिवाणू मात्र मरतात. जलसंजीवनी द्या, बाळाचे अंगावरचे दूध सुरू ठेवा. शौचात रक्त दिसले, मूल मलूल झाले तर तडक डॉक्टरांकडे न्या.

आणि उरलेला भात? एकाच गाईपुढे टोपले रिकामे करू नका. मूठ-मूठ साऱ्या ढोरांना वाटा, तणसासोबत.