विंचवावर बीपीची गोळी

वीकएण्डला रायगडावर ट्रेक ठरलाय? मग सॅक भरण्याआधी ही गोष्ट वाचा. हीरो आहे जालना जिल्ह्यातला एक डॉक्टर. आणि व्हिलन? तो कदाचित तुमच्या बुटात बसलेला असेल!

आमच्या ऑफिसात एक मित्र आहे, धावड्याचा. धावडा म्हणजे जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं गाव. पठ्ठ्या हिंजवडीत सातव्या मजल्यावर एसीत बसतो, पण जिममधून आला की बूट आपटून झटकल्याशिवाय पाय घालत नाही. सुरुवातीला आम्ही त्याची जाम खेचायचो. ‘अरे, इथे कुठला आलाय विंचू?’ त्यावर एकदा तो शांतपणे म्हणाला, ‘विंचवावर इलाज शोधणारा डॉक्टरपण आमच्याच तालुक्यातला आहे. उगाच नाही!’

खरंय त्याचं. डॉ. हिंमतराव बावस्कर भोकरदन तालुक्यातल्याच देहेडचे. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाले आणि १९७६ मध्ये पोचले थेट कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे गाठ पडली लाल विंचवाशी. धडधाकट माणसं, लहान पोरं विंचू चावला म्हणून यायची. उलट्या, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार. मग धाप लागायची, तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि खेळ खलास. गंभीर झालेल्या शंभरातले तीस-चाळीस जण दगावायचे.

दुसरा कुणी असता तर बदलीचा अर्ज टाकून मोकळा झाला असता. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून राहिले. नाडी किती, बीपी किती, घाम कधी सुटला, श्वास कधी बिघडला, सगळं टिपत गेले. त्यातून कळलं की जीव जातो तो हृदय आणि फुप्फुसं कोलमडल्यामुळे, आणि त्याची चाहूल आधीच लागते. १९८२ मध्ये ही निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ‘लॅन्सेट’ म्हणजे डॉक्टरांच्या दुनियेतलं लॉर्ड्स!

कुलूप-किल्लीचा फंडा

आता थोडं सायन्स. बोअर होणार नाही, प्रॉमिस.

आपल्या नसा बोलतात रसायनांमधून. रसायन ही किल्ली समजा आणि समोरच्या पेशीवर असतं कुलूप. किल्ली लागली की स्नायू आखडतो, रक्तवाहिनी आवळते, जे काय काम असेल ते सुरू. ब्लॉकर औषध काय करतं? आधीच त्या कुलपात जाऊन बसतं. खरी किल्ली मग बाहेर ताटकळते.

लाल विंचवाचं विष नसांचा स्विच ‘ऑन’वरच अडकवून टाकतं. अ‍ॅड्रेनलिन आणि त्याच्या भाऊबंदांचा नुसता पूर येतो. अंगभर रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय बंद दारावर धडका मारत राहतं आणि फुप्फुसांत पाणी साचतं. बावस्करांना वाटलं, हे आवळणारं कुलूपच बंद केलं तर? त्यासाठीची गोळी बाजारात होतीच, प्रॅझोसिन. ब्लडप्रेशरची! १९८३ च्या सुमारास त्यांनी ती वापरायला सुरुवात केली, १९८६ मध्ये त्यावरही ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. एका साध्या गोळीनं!

बीपीचीच गोळी हवी, तर दुसरी कुठलीही चालली असती का? मुळीच नाही. १९५० च्या दशकात बीपीसाठी हेक्सामेथोनियमसारखी औषधं होती. ती नसांच्या जंक्शनवरच, म्हणजे गँग्लियनवर, नाकाबंदी करायची. बीपी उतरायचं खरं, पण तोंड कोरडं, पोट ठप्प, नजर धूसर आणि उभं राहिलं की चक्कर. एका खोलीतला दिवा घालवायला घराचा मेन स्विच पाडल्यासारखं. प्रॅझोसिन फक्त त्या एका खोलीचं बटण बंद करतं. तरी पेशंटला आडवंच ठेवावं लागतं, उभं केलं तर बीपी धाडकन पडू शकतं. त्यामुळे आजोबांच्या डब्यातली गोळी सॅकमध्ये टाकायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. हे काम हॉस्पिटलचं.

प्रतिविषही आहे, हाफकिनचं. ते रक्तात फिरणारं विष पकडतं, पण आधीच सुटलेला अ‍ॅड्रेनलिनचा पूर त्याला अडवता येत नाही. २०११ मध्ये डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं की दोन्ही एकत्र दिली तर पेशंट लवकर बरा होतो. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

आणि नाग?

तो तर स्वतःच ब्लॉकर घेऊन फिरतो! त्याचं विष नस आणि स्नायू यांच्यामधल्या कुलपात डुप्लिकेट किल्ली अडकवतं. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. भयंकर गोष्ट ही की माणूस आतून पूर्ण जागा असू शकतो. ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ हेच मुद्दाम करतात. १९४२ मध्ये माँट्रियलमध्ये क्युरारे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणावरचं विष, भुलीबरोबर दिलं गेलं आणि पोटाचे स्नायू मस्त सैल पडले. आज त्याचे नातेवाईक रोज वापरले जातात. झोपेचं औषध वेगळं, दुखण्याचं वेगळं, हे तिसरं. तोवर श्वास यंत्र देतं.

ऑपरेशन संपलं की निओस्टिग्मिन देतात. त्यानं खऱ्या किल्ल्या इतक्या साठतात की डुप्लिकेट बाहेर ढकलली जाते. नागाच्या दंशातही प्रतिविषाच्या जोडीला ते कामी येतं. मण्यारीपुढे मात्र त्याची फारशी डाळ शिजत नाही, कारण ती किल्ल्या पाठवणारं टोकच बिघडवते. तिथे प्रतिविष आणि गरज पडली तर कित्येक दिवस व्हेंटिलेटर. त्यात मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बरेचदा दुखतही नाही. सकाळी उठल्यावर पोटात कळा आणि पापण्या मिटायला लागल्या तर ‘काल मिसळ जरा जास्तच झाली’ म्हणत बसू नका, गाडी काढा. ब्लेडनं कापणं, घट्ट बांधणं, मंत्र, काही नको.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही रायगड केला. पाचाडला मुक्काम होता. पहाटे सगळे डोळे चोळत उठलो, तर ओसरीवर धावडेकर आमचे सगळ्यांचे बूट ओळीनं मांडून एकेक झटकत बसला होता. या वेळी कुणी हसलं नाही.