बिनपगारी फर्स्ट शिफ्ट

पहाटे ५.१०

गजर अजून तोच आहे. चाकणला सातची पाळी गाठायची तर स्पाइन रोडला सहा पाचला बस यायची, म्हणून ही वेळ. अठरा वर्षांची सवय. कंपनीने लाइन दुसऱ्या राज्यात हलवली, मी गेलो नाही. आईचं डायलिसिस इथे, मुलीचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष इथे. याला आता चार महिने झाले.

पहिला महिना मी आठला उठत होतो. आठला उठलं की पेपर, चहा, पुन्हा पेपर यांतच अकरा वाजतात आणि मग आज काही होणार नाही असं आपणच ठरवून टाकतो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, नोकरी गेली ते ठीक, पण शिफ्ट कुठे गेलीय?" दुसऱ्या दिवशी गजर परत लावला.

६.०५

गॅलरीतून बस दिसते. दुसऱ्या कंपनीची. सुरुवातीला या वेळी मी मुद्दाम आत जायचो, आता चहाचा कप घेऊन तिथेच उभा राहतो.

दूध आणायला खाली उतरलो की वॉचमन विचारायचा, "साहेब, आज सेकंड का?" आणि मी "हो, सेकंड" म्हणायचो. तीन महिने रोज सेकंड! माझी थाप त्याला कळत होती आणि त्याला कळतंय हे मलाही कळत होतं. एका सकाळी सांगून टाकलं. आठवड्याभरात तोच म्हणाला, "माझा मेहुणा भोसरीत एका वर्कशॉपच्या गेटवर असतो. तिथे क्वालिटीचा माणूस बघतायत." पोर्टलवर ही जागा नव्हतीच. आज दुपारी ३ वाजता तिथेच मुलाखत आहे.

७.३०

आंघोळ, इस्त्रीचा शर्ट (घरातही, हसू नका) आणि वही. वहीत तारीख, कंपनी, कुणाशी बोललो, काय विचारलं, पुढे काय झालं, एवढंच. कालपर्यंत ६१ अर्ज, ९ फोन, ५ मुलाखती.

सुरुवातीला प्रत्येक नकारानंतर मी बायोडाटा बदलत होतो. नवा ऑपरेटर करतो तसंच हे. एक तुकडा जरा मोठा आला की ऑफसेट फिरवतो, पुढचा लहान आला की उलटा फिरवतो, आणि धड चाललेलं मशीन बिघडवून ठेवतो. कंट्रोल चार्ट हे टाळण्यासाठीच असतो. वॉल्टर शूहार्टने तो १९२४ मध्ये मांडला तो हेच सांगायला, की मर्यादेच्या आतला चढउतार प्रक्रियेतच असतो, त्याला हात लावायचा नाही. मात्र लागोपाठ सात बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले तर कारण शोधायचं. पंधरा वर्षं पोरांना शिकवलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मीच विसरलो.

वही मागे चाळली तेव्हा सात अर्ज लागोपाठ असे निघाले, ज्यांवर साधा फोनही नव्हता. सातही अर्ज 'क्वालिटी मॅनेजर'च्या जागेसाठी होते. मी सिनिअर इंजिनिअर. मॅनेजर व्हायची हौस होती, पण कागदावर टीम सांभाळल्याचं कुठे दिसतच नव्हतं. तेव्हापासून सप्लायर क्वालिटीच्या जागांना अर्ज करतो. नऊपैकी सहा फोन त्यानंतरचे.

९.३०

अभ्यास. मुलगी कॉलेजला निघायच्या आधी अर्धा तास प्रश्न विचारते, तेही मास्तरणीच्या थाटात.

"नोकरी का सोडलीत?"

पहिल्यांदा या प्रश्नावर मी व्यवस्थापन, युनियन, जमिनीचे भाव, सगळं सांगितलं होतं. तिने मोबाइलवर वेळ लावली होती, ३ मिनिटं ४० सेकंद. म्हणाली, "बाबा, दुसऱ्या मिनिटालाच मी तुम्हाला रिजेक्ट केलं असतं." आता असं सांगतो : कंपनीने लाइन हलवली, घरच्या जबाबदारीमुळे मी इथेच थांबलो, मधल्या काळात इंटर्नल ऑडिटरचा कोर्स केला, उद्यापासून येऊ शकतो. २० सेकंद. रडगाणं नाही आणि खोटंही नाही. शेवटचं वाक्य आधी मला लाजिरवाणं वाटायचं. पण नोकरीत असलेल्याला दोन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड भरावा लागतो आणि मी सोमवारी गेटवर हजर होऊ शकतो, हे एचआरच्या बाईंनीच एकदा फोनवर लक्षात आणून दिलं.

११ ते १

फोनाफोनी. जुने व्हेंडर, जुने सुपरवायझर. आज बुधवार आहे, तेवढी घाई करावी लागते, कारण उद्या एमआयडीसीला आठवड्याची सुट्टी.

१.३०

जेवण. त्यानंतरचा तास वाईट असतो, म्हणून या वेळी मी व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही. जुन्या लाइनच्या ग्रुपवर कुणी ना कुणी कुठेतरी जॉइन झालेला असतो.

३.००

भोसरी. पत्र्याची शेड, कूलंटचा वास. चार महिन्यांनी तो वास आला आणि घसा जड झाला, हे मुलाखतीत सांगण्यासारखं नव्हतं.

प्लांट हेडनी बायोडाटा उघडलाच नाही. टर्न केलेला एक बुश आणि व्हर्नियर पुढे सरकवला. "हा जॉब मोजा." आमच्याकडे मशीनवरच्या तुकड्यालाही जॉबच म्हणतात. जॉब शोधायला आलेल्या माणसाच्या हातात त्यांनी जॉब दिला, याचं त्यांना काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं.

आधी फडक्याने जबडे पुसले, मिटवले, उजेडासमोर धरले. मधून उजेड दिसत नव्हता, पण शून्य एका रेघेने पुढे होतं. म्हणजे ०.०२ मिलिमीटर जास्त. "साहेब, यात झीरो एरर आहे, वजा करून सांगतो." ते काही बोलले नाहीत, पण खुर्ची पुढे घेतली.

मग, "सीपी १.८ आहे आणि सीपीके ०.७. काय कराल?" मशीन चांगलं आहे, सेटिंग सरकलंय, मशीन बदलायचं नाही, मध्यावर आणायचं. पुढचा प्रश्न गेज आर अँड आरचा, म्हणजे मोजमापातच किती फरक पडतो याचा होता. १० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते ३० अटींवर, हे सांगितलं. "आणि एनडीसी किती हवा?" इथे अडकलो. "आत्ता आठवत नाही, पाहून सांगतो," म्हणालो. पूर्वी मी काहीतरी ठोकून दिलं असतं.

पगार मागच्यापेक्षा कमी सांगितला. मी माझा आकडा सांगून गप्प बसलो. हे गप्प बसणं मला सगळ्यात उशिरा जमलं. "कळवतो," म्हणाले.

५.००

बाहेरच्या टपरीवर चहा येईपर्यंत वही काढली. विचारलेले प्रश्न घरी पोचेपर्यंत अर्धे उडून जातात, आणि उरतात ते आपल्याला नीट आलेले. म्हणून न आलेला आधी लिहितो. एनडीसी, म्हणजे मोजमापाला वेगळे ओळखता येतात असे गट, मोबाइलवर पाहिला : किमान पाच. त्यांना दोन ओळींचा मेसेज टाकला. आभार आणि उत्तर.

९.३०

आई विचारते, "झालं का रे काम?" ती रोज विचारते. तिला निकालच ऐकायचा असतो, आणि आज माझ्याकडे निकाल नव्हता. "बघतायत," म्हणालो. खाली जाऊन वॉचमनलाही तेच सांगितलं. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

वहीत सहावी मुलाखत लिहिली, शेवटचा रकाना रिकामा. उद्या गुरुवार, फोन येणार नाही. गजर ५.१० ला लावला आहे.