लॅपटॉप पोर्तोत, सातबारा गावात

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा करून झाले, चहा झाला, तेव्हा एक बाई हळूच म्हणाली, "ताई, माझी लेक परदेशात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. मग ती राहते कुठं म्हणायची? इथं का तिथं?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात येऊन बसला होता, आणि त्याचं उत्तर शोधताना मला माझीच चूक सापडली. आज तेच सांगते.

माझ्या दिरांची मुलगी, माझी पुतणी, पोर्तुगालमध्ये पोर्तो या शहरात राहते. नवरा तिथल्या विद्यापीठात संशोधन करतो. हिची नोकरी पुण्याच्या कंपनीत. आधी ऑफिसात जायची, आता लॅपटॉपवरून तेच काम करते. अशा दूर राहून काम करणाऱ्यांसाठी पोर्तुगालनं ऑक्टोबर २०२२ पासून वेगळा व्हिसाच काढलाय. त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवावी लागते. म्हणजे नवऱ्याच्या मागं गेलेली नाही, स्वतःच्या पगारावर गेलेली आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण गावात अजून "जावयानं नेली" असंच म्हणतात.

आता तिचा दिवस ऐका. थंडीत पोर्तोचं घड्याळ आपल्या मागं साडेपाच तास असतं, उन्हाळ्यात साडेचार तास. पुण्याचं ऑफिस सकाळी दहाला सुरू होतं, तेव्हा थंडीत तिथं पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. बाहेर मिट्ट काळोख, वर पाऊस. पोर्तोला पाऊस थंडीत पडतो, आपल्यासारखा ज्येष्ठ-आषाढात नाही. जानेवारीत सूर्य उगवायला आठ वाजतात. ही चार वाजता उठून चहा करून खुर्चीत बसायची, ती दुपारी एकपर्यंत. पहिल्या वर्षी पाठ धरली, पाय सुजले, झोप मोडली. फोनवर आवाज बारीक यायला लागला. मी म्हटलं, पोरी, रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन निघालं ९.८. बाईला ते निदान १२ असावं लागतं. आपल्याकडं परातभर भाकरी थापणारीला ॲनिमिया होतो, तसा खुर्चीत बसून पगार घेणारीलाही होतो. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायांना तो निघाला होता. तिला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही असं बजावलं, कारण चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हे तर मी इथं कितीदा सांगितलंय, पण काकीचं कोण ऐकतं!

दवाखान्याचं तिथं असं आहे. राहण्याचा परवाना मिळाला की जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नाव घालायचं, मग एक क्रमांक मिळतो. त्यावर केंद्रातल्या डॉक्टरांची तपासणी फुकट. कुटुंबासाठी ठरलेला डॉक्टर मिळायला मात्र बऱ्याच जणांना वाट बघावी लागते, आणि दातांचं दुखणं बहुतेक खिशातूनच भागवावं लागतं. कंपनीनं पुण्यात काढून दिलेला विमा आहे ना, असं ती धरून चालली होती. कागद वाचला तेव्हा कळलं की तो भारताबाहेरचा खर्च देत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी तशाच असतात. मग तिनं तिथं वेगळा विमा घेतला. तुमच्या लेकीबाळी जात असतील तर विम्याचा कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी घेऊन बसवा त्यांना. चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्या कंपनीचं नाव तिथल्या दुकानदाराला कळत नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी आहे: अडचणीत फिरवायचा नंबर तिथंही ११२ आणि इथंही ११२.

खेळाची गोष्ट सांगितल्याशिवाय तिची पाठ बरी कशी झाली ते कळायचं नाही. शाळेत ती खो-खोची खेळाडू. तालुक्याला खेळून आलेली, गुडघ्यावर अजून खूण आहे. लग्नानंतर सुटलं सगळं. पोर्तोत खो-खोला माणसं कुठली मिळणार? पण काम दुपारी एकला संपतं, म्हणजे थंडीतसुद्धा चार तास उजेड हातात असतो. तिनं चालायला सुरुवात केली. घरापासून दोउरू नदीच्या काठानं, जिथं नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत. वाटेत वरच्या अंगाला एक बाग आहे, तिच्यात मोठं गोल क्रीडागृह, आणि त्याला नाव रोझा मोटा या बाईचं. ही पोर्तोचीच. १९८४ साली ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बायकांची मॅरेथॉन झाली, तिच्यात रोझानं कांस्यपदक मिळवलं आणि १९८८ ला सोल इथं सुवर्ण. पुतणी म्हणाली, "काकी, बाईचं नाव एवढ्या मोठ्या इमारतीला बघून मी तिथंच दोन चकरा जास्त मारल्या."

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं तरी दम लागेल असं चालावं-हलावं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. ती आता नगरपालिकेच्या तलावात पोहायलाही जाते. रबरी टोपी घातल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत म्हणे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा ही फोन उघडून बसली होती. आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे कर्णधार, आणि अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या रविवारी संध्याकाळी तिनं चार ओळखीच्या बाया जमवून बागेत लंगडी घातली. जाणारे-येणारे थांबून बघत होते. पाठ बरी झाली ती अशी, मलमानं नाही.

आता येते खऱ्या विषयाकडं.

माझे दीर वारले. त्यांच्या नावावर साडेचार एकर. मागं जाऊबाई, एक मुलगा आणि ही मुलगी. मुलगा गावातच शेती करतो, कष्टाळू आहे. वारसनोंद झाली, तिघांची नावं सातबाऱ्यावर चढली. प्रत्येकाचा हिस्सा दीड एकर. मग पुतण्याला ठिबकसाठी कर्ज काढायचं होतं. बँकेनं सांगितलं, सगळ्या खातेदारांच्या सह्या आणा. बहीण सात समुद्रापलीकडं. मग घरात बोलणं निघालं की तिला काय करायचीय जमीन, हक्कसोडपत्र करून देऊ दे म्हणजे कटकट मिटली. आणि हे तिला सांगायचं काम कोणावर आलं? माझ्यावर. ती माझं ऐकते म्हणून.

मी फोन केला, सख्यांनो. मीच केला. गटात मुलींच्या हक्कावर बोलणारी मी, आणि घरात म्हटलं, "भावाचं बघ बाळा, तुझं काय अडलंय तिथं." ती गप्प बसली. मग म्हणाली, "काकी, देते. फक्त एक विचारून सांगा. उद्या परत यावंसं वाटलं तर मला शेत विकत घेता येईल का?"

मी तालुक्याला वकीलबाईंकडं गेले. त्यांनी जे सांगितलं ते नीट ऐका. परकीय चलनाच्या कायद्यात माणूस पासपोर्टवरून मोजत नाहीत, राहण्यावरून मोजतात. नोकरीसाठी किंवा किती काळ ते न ठरवता देशाबाहेर राहायला गेलेला माणूस अनिवासी ठरतो, मग पासपोर्ट भारतीय असला तरी आणि पगार पुण्याहून येत असला तरी. असा माणूस भारतात घर घेऊ शकतो, फ्लॅट घेऊ शकतो, दुकानगाळा घेऊ शकतो. शेतजमीन, फळबागेची किंवा मळ्याची जमीन आणि फार्महाऊस मात्र विकत घेऊ शकत नाही. बक्षीसपत्रानंही घेऊ शकत नाही. त्याच्याकडं शेतजमीन येण्याची वाट वारसाहक्काची. म्हणजे वडिलांच्या मागं जे आपोआप आलं ते तिचं. ते सोडलं, आणि पुढं भावानं प्रेमानं परत बक्षीस द्यायचं म्हटलं, तरी ती बाहेर असेपर्यंत जमायचं नाही. बरं, कायमची परत आली तर? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, आणि शेतकरी असल्याचा पुरावा काय, तर सातबारा. तोच नसला तर परत कागदांच्या मागं धावणं आलं.

हे ऐकून मी गप्पच झाले. एका सहीत केवढं जात होतं!

मुलीचा हक्क नवा नाही. आपल्या राज्यानं १९९४ मध्ये आणि देशाच्या कायद्यानं ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. वडील २००५ च्या आधी गेलेले असले तर काय, यावर भांडणं चालायची. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच येतो, २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. लग्नानं तो जात नाही आणि परदेशात गेल्यानंही जात नाही. शेजारी गोव्यात तर पोर्तुगीजांच्या वेळचा वारसा कायदा होता, त्यात मुलगा-मुलगी सारखेच आणि निम्मी मालमत्ता मुलांपासून तोडताच येत नव्हती. तीच पद्धत तिथं पुढंही राहिली. आमची पुतणी नेमकी त्याच पोर्तुगालात बसलेली, आणि आम्ही तिच्याकडून हक्क सोडवून घ्यायला निघालो होतो.

तिची घरमालकीण सत्तरीची आहे. तिचं माहेरचं गाव आतल्या डोंगरात. भाऊ साठ-सत्तर वर्षांपूर्वी फ्रान्सला कामाला गेले ते तिकडचेच झाले. जमीन अजून आजोबांच्या नावावर, वारस कोण-कुठं कुणाला ठाऊक नाही. पोर्तुगालात अशी गावंच्या गावं आहेत. पडीक रानात झुडपं माजतात, निलगिरी वाढते, आणि उन्हाळ्यात पेट घेते. जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदे भागातल्या वणव्यात ६६ माणसं गेली. त्याच वर्षी तिथल्या सरकारनं कायदा करून, कुठलं रान कुणाचं हे मालकांनी येऊन नकाशावर दाखवून द्यावं अशी सोय उभी केली. मालकीणबाई पुतणीला म्हणाली, तुझ्या गावच्या कागदावर तुझं नाव आहे ना, मग तेवढं जप.

मग बँकेच्या सह्यांचं काय केलं? मुखत्यारपत्र. त्यातही सर्वसाधारण मुखत्यारपत्र नाही केलं, खास केलं. सर्वसाधारण म्हणजे सगळेच हात मोकळे, आणि पुढची बरीच दुखणी त्यातूनच निघतात. खास म्हणजे मोजून दिलेली कामं. तिनं आईच्या नावानं दिलं: जमीन कसायची, वीजजोडणीचे अर्ज करायचे, पीकविमा काढायचा, दोन लाखांपर्यंत पीककर्ज आणि ठिबकचं कर्ज घ्यायचं. विक्री नाही, दुसरं गहाण नाही, हक्कसोड नाही. तसं स्पष्ट लिहिलं. पुतण्याला आधी राग आला, पण बँकेनं कागद घेतल्यावर तो गेला. देणारीला हे पत्र रद्दही करता येतं, आणि देणारी गेली तर ते तिथंच संपतं.

सहीसाठी तिला पोर्तोहून लिस्बनला भारतीय दूतावासात जावं लागलं, तीनेक तास रेल्वेनं. तिथल्या नोटरीपुढं सही करून त्यावर ॲपोस्टिल नावाचा सरकारी शिक्का घेतला असता तरी चाललं असतं. दूतावास मात्र सगळ्याच देशांत चालतो, म्हणून दुबईला ज्यांची माणसं आहेत त्यांनी तोच धरावा. कुरिअरनं पत्र आलं. जाऊबाईंनी कुंकू लावून देवघरात ठेवलं! परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो, नाहीतर दंड. अडीच महिने ते समईशेजारी होतं. दिवाळीची साफसफाई आली म्हणून सापडलं.

राहिलं बँकेचं. परदेशात राहायला गेल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. बँकेला कळवून ते अनिवासींच्या एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. तिच्या हिश्श्याच्या कांद्याचे पैसे आता त्यात जातात.

आणि ती महिन्याला एकदा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपये भरून सातबारा काढते. डिजिटल सही असलेला, पोर्तोत बसून. मागच्या रविवारी तिचा फोन आला, "काकी, ई-पीक पाहणीत कांदा लागलाय, पण वडिलांनी पाडलेल्या विहिरीची नोंद दिसत नाही." मी आणि जाऊबाई दोघी मिळून परवा सोमवारी तलाठ्याकडं जाणार आहोत.